पॅकिंग दाखवा, मग बोलू

"काकू, राजदूतचा कार्बोरेटर किट द्या," असं कुणी म्हणालं की मी लगेच किट काढत नाही. कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, आणि पॅकिंग म्हणजे त्याच्या जोडातून गळू नये म्हणून मधे घालतात तो पातळ थर. आधी विचारते, जुनं पॅकिंग आणलंय का? बहुतेकांनी आणलेलं नसतं. मिस्त्रीनं ते ब्लेडनं खरडून गटारीत उडवलेलं असतं आणि हाताखालच्या पोराला माझ्याकडं पिटाळलेलं असतं. पोरगं म्हणतं, "उस्ताद म्हनले कोनतंबी चालतंय." उस्तादाचं काय जातंय, गाडी चालू झाली की तो पैसे घेऊन मोकळा. पेट्रोल गळायला लागलं की गिऱ्हाईक माझ्या नावानं बोंब मारतं.

परभणीत आमचं टू-व्हीलर स्पेअरचं दुकान आहे. सासऱ्यांनी टाकलं तेव्हा रस्त्यावर राजदूत, येझदी, बुलेट आणि बजाजच्या स्कूटरी एवढंच होतं. पुढं 1985 ला आरएक्स 100 आणि सीडी 100 आल्या आणि गावाचा सगळा नूरच बदलला. मालक, म्हणजे माझे यजमान, ट्रॅक्टरच्या मालाकडं वळले तेव्हा हे काउंटर माझ्याकडं आलं. मधली बरीच वर्षं जुन्या गाड्यांचा माल पोत्यात बांधून माळ्यावर पडून होता. आता उलटं झालंय. आजोबांची राजदूत गोठ्यातून ओढून काढायची, रंगवायची आणि तिच्यावर बसून फोटो टाकायचे, हे खूळ कृषी विद्यापीठातल्या पोरांपासून जिंतूरकडच्या एका सराफापर्यंत सगळ्यांना लागलंय. माझी तक्रार नाही, माल खपतो. पण रंगाला हजारो रुपये घालणारा माणूस एका ओरिंगसाठी, म्हणजे रबराच्या एका गोल कडीसाठी, घासाघीस करतो तेव्हा डोकं फिरतं. म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवते.

किटच्या पाकिटात काय असतं? बाउलचं, म्हणजे खालच्या पेट्रोलच्या वाटीचं पॅकिंग, दोनचार ओरिंगा, फायबरचे वायसर, फ्लोटची, म्हणजे वाटीत तरंगून पेट्रोल अडवणाऱ्या तरंगीची सुई आणि ती जिथं बसते ती सीट, पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची तोंडं म्हणजे मेन जेट आणि स्लो जेट, कधी एखादी स्प्रिंग. पाकिटावर गाडीचं नाव असतं. त्या नावावर जाऊ नका. बुलेटला आधी इंग्रजी अमल कार्बोरेटर यायचे, नंतर जपानी मिकुनी कंपनीच्या तंत्रावर चेन्नईत बनणारा 24 मिलिमीटरचा मिककार्ब आला. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण पाकिटावर नुसतं 'बुलेट' असतं. आणि कंपनीनं काय बसवलं होतं याला तरी आज किती अर्थ आहे? येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना 1996 ला बंद पडला. तेव्हापासून येझदीवाल्यांनी हाताला लागेल तो कार्बोरेटर ठोकलाय. येझदीच्या मूळच्या जिकोव्ह कार्बोरेटरच्या जागी मिककार्ब, राजदूतवर आरएक्सचा, सगळं बघितलंय मी. म्हणून कार्बोरेटरच्या अंगावर जी अक्षरं ओतलेली असतात ती रॉकेलनं पुसून वाचा आणि मला सांगा. गाडीचं नाव सांगितलं नाही तरी चालेल.

किटमधले जेट मी सहसा वापरू देत नाही. जुने पितळी जेट, त्यांचं भोक तारेनं कोरून मोठं केलेलं नसेल तर, धुऊन परत बसवा. आकडा तोच छापलेला असला तरी स्वस्त किटमधल्या जेटचं भोक त्या आकड्याला जागतंच असं नाही. उलट ज्याच्याकडं कुणी बघत नाही ती स्लाइडची, म्हणजे रेस दिली की वर सरकणाऱ्या पडद्याची सुई आणि ती ज्यात खालीवर होते तो नीडल जेट, ही जोडी झिजते. गोल भोक लांबट होतं, मग अर्ध्या रेसवर गाडी धूर टाकते आणि लोक एअर स्क्रू फिरवत बसतात. ही जोडी साध्या किटमध्ये नसतेच. वेगळी मागवावी लागते.

आता कागदी पॅकिंगचं. खेड्यातले मिस्त्री लग्नपत्रिकेचं पॅकिंग कापतात. हसू नका, जाड पत्रिका चांगली दाबली जाते आणि तेलाच्या जागी कधीकधी बरेच दिवस टिकतेसुद्धा. पण पेट्रोलच्या जागी तिचा लगदा होतो, आणि तो लगदा जातो कुठं? थेट स्लो जेटमध्ये, ज्याचं भोक सुईच्या टोकाहून बारीक. कार्बोरेटरला नायट्राइल रबर मिसळलेलं फायबरचं शीट लागतं. बाउलसाठी अर्धा मिलिमीटर, फार तर पाऊण. इंजिनाकडच्या फ्लँजला, म्हणजे बोल्टनं आवळतात त्या चपट्या तोंडाला, अर्ध्यापासून एक. आमच्याकडं हे शीट फुटावर कापून मिळतं आणि एका तुकड्यात गाडीची सात जन्माची पॅकिंगं निघतात.

बुचाचं पॅकिंग, म्हणजे कॉर्क, जुन्या गाड्यांत पेट्रोल कॉकला असायचं. ते ओलं असेतो उत्तम. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा 44 च्या पुढं जातो, गाडी महिनाभर पत्र्याखाली उभी राहिली की कॉर्क सुकतं, आकसतं आणि तडकतं. त्यात पुन्हा पेट्रोल भरलं की ठिबक सुरू. कॉर्कचा हट्ट फक्त प्रदर्शनाची गाडी करणाऱ्यांनी धरावा.

पॅकिंग कापायची जुनी रीत म्हणजे शीट कार्बोरेटरच्या तोंडावर ठेवायचं आणि बॉलपीन हातोडीनं कडेकडेनं ठोकत जायचं, कडच शीट कापते. इंजिनाच्या लोखंडी भागावर ठीक आहे. कार्बोरेटर असतो जस्ताच्या मऊ मिश्रधातूचा. दोनदा असं केलं की कड गोल होते आणि मग कुठलंच पॅकिंग धरत नाही. त्यापेक्षा तोंडाला ग्रीसचं बोट फिरवा, शीटवर छाप उमटवा, कात्रीनं कापा. स्क्रूची भोकं पाडायला चांभाराचा पंच घ्या, खिळ्यानं पाडलेल्या भोकाची कड उभी राहते. आणि जुनं पॅकिंग खरडताना ते आधी तेलानं ओलं करा. पूर्वीच्या जॉइंटिंग शीटमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. कोरडं खरवडून कॉम्प्रेसरची हवा मारली की ती धूळ सरळ छातीत.

जाडीकडं लोक दुर्लक्ष करतात. अमलच्या कॉन्सेंट्रिक कार्बोरेटरमध्ये फ्लोट बाउलमध्ये बसतो आणि जेट वरून लोंबतो. तिथं बाउलचं पॅकिंग जाड घातलं की पेट्रोलची पातळी जेटच्या मानानं तेवढी खाली जाते. मिकुनीत फ्लोट वरच्या अंगाला टांगलेला असतो, तिथं बाउलच्या पॅकिंगनं पातळी हलत नाही. पण मिकुनीत दुसरी गोम आहे. सुईच्या सीटखाली एक छोटा वायसर असतो. किटमधला वायसर जुन्यापेक्षा जाड निघाला की सीट खाली सरकते, सुई लवकर बंद होते आणि बाउलमध्ये पेट्रोल कमी भरतं. आरएक्सवाला एक पोरगा पाथरीहून आला होता. "काकू, समदं नवं टाकलं तरी चढाला मिसिंग मारायली." जुना वायसर त्याच्या खिशातच होता, ही त्याची हुशारी. दोन्ही व्हर्नियरमध्ये धरले तर नवा दुप्पट जाड. जुनाच परत बसवला, पैसे घेतले नाहीत. टू-स्ट्रोक गाडी अशी पेट्रोलला उपाशी पळवली की नुसती मिसिंग मारून थांबत नाही, पिस्टन जाम होतो, आणि मग खर्च कितीचा होतो ते मिस्त्रीला विचारा.

खरी भानगड आहे रबराची, आणि ती गाडीमुळं नाही, पेट्रोलमुळं झालीय. आपलं पेट्रोल बदललंय. 2022 च्या जूनमध्ये देशात दहा टक्के इथेनॉल मिसळणं गाठलं गेलं, 2023 च्या फेब्रुवारीत वीस टक्केवालं काही पंपांवर सुरू झालं, आणि आता सगळीकडं तेच ओतलं जातंय. गंमत बघा, जायकवाडीच्या कालव्यावर ज्याचा ऊस उभा आहे, त्याच उसाची मळी कारखान्यात जाऊन तिचं इथेनॉल होतं आणि त्याच शेतकऱ्याच्या राजदूतची ओरिंग फुगवतं. उसाला भाव मिळावा, याला माझी ना नाही. पण 1980 च्या सुमाराला घडवलेलं रबर या पेट्रोलसाठी घडवलेलं नव्हतं, हे गिऱ्हाइकानं समजून घ्यायला पाहिजे.

साधी काळी ओरिंग नायट्राइलची असते. नुसत्या पेट्रोलात ती वर्षानुवर्षं टिकायची. इथेनॉलच्या पेट्रोलात ती फुगते, मऊ पडते आणि मग वाळली की कडक होऊन तडकते. सीडी 100 चा बाउल उघडला की ओरिंग बाहेर येते आणि परत खोबणीत बसतच नाही, मोठी झालेली असते. रात्रभर उघडी ठेवली की आकसते आणि बसते. अडल्या वेळेला हे करा, पण त्या ओरिंगचे दिवस भरलेत असं समजा. तिच्या जागी व्हायटनची, म्हणजे फ्लोरिनवाल्या रबराची घ्या. ही पेट्रोल, इथेनॉल, इंजिनाची धग, सगळं सोसते. महाग आहे, साध्या ओरिंगच्या कितीतरी पट. तरीही एका कार्बोरेटरच्या सगळ्या ओरिंगा मिळून एका वेळच्या पेट्रोल भरण्याएवढा खर्च होत नाही.

लाल किंवा नारिंगी दिसते म्हणून व्हायटन, असं नसतं. तपकिरी, हिरवी, काळी, कुठल्याही रंगात ती येते, आणि सिलिकॉनची ओरिंगही लाल असते. सिलिकॉनची पेट्रोलात टाकली की बघता बघता फुगते. कुकरची, फिल्टरची, नळाची ओरिंग कार्बोरेटरला बसवणारे महाभाग आहेत. नळाचं काळं रबर बऱ्याचदा ईपीडीएम नावाच्या वेगळ्याच जातीचं असतं. पाण्याला उत्तम, पेट्रोलला अजिबात नाही.

मग ओळखायचं कसं? काही मिस्त्री काडी लावून बघतात, नायट्राइल धूर काढत जळत राहतं आणि व्हायटन विझतं. हे करू नका. व्हायटन जळताना जो वायू सुटतो तो फ्लोरिनचा आहे आणि फार विषारी आहे. जिंतूरच्या त्या सराफानं काढलेली युक्ती मला आवडली. त्यानं एकाच मापाच्या दोन जातींच्या ओरिंगा मूठमूठभर सोन्याच्या काट्यावर टाकल्या. व्हायटन साधारण दीडपट भरतं. काटा नसेल तर एक ओरिंग जॅमच्या बाटलीत पंपावरच्या पेट्रोलात दोन दिवस बुडवा आणि आधी-नंतर मोजा. मी नव्या मालातली एक तरी अशी बुडवतेच. आमचा हा माल सिकंदराबादच्या राणीगंजातून येतो. मालक ट्रॅक्टरच्या सीलसाठी देवगिरी एक्सप्रेसनं जातात तेव्हा माझी यादी त्यांच्या खिशात असते. मिकुनीचे सुटे भाग मात्र पुण्याच्या नाना पेठेतून बरे मिळतात.

माप घेताना जुनी ओरिंग मोजू नका, ती फुगलेली असते. खोबण मोजा. खोबणीची खोली 1.8 मिलिमीटर असेल तर 2.4 जाडीची ओरिंग घ्या, म्हणजे पाव हिश्शानं दबेल, तेवढं पुरतं. अजून एक बारकावा आहे, आणि हा काउंटरवर बसल्याशिवाय कळत नाही. जपानी मापाच्या ओरिंगा 1.9, 2.4, 3.5 अशा जाडीत येतात. इंच मापाच्या 1.78, 2.62, 3.53. डोळ्याला फरक दिसत नाही. जपानी कार्बोरेटरला 2.62 ची दाबून बसवली की बाउल पूर्ण मिटत नाही, मग मिस्त्री स्क्रू आवळतो, आणि मऊ धातूचे आटे हातात येतात. स्क्रूचंही सांगते. जपानी स्क्रूचं प्लस तोंड आपल्या नेहमीच्या स्क्रूड्रायव्हरच्या तोंडाहून थोडं वेगळं असतं, म्हणून ते घसरतं आणि डोकं गोल होतं. जपानी तोंडाचा ड्रायव्हर मिळतो, नाहीतर जुने स्क्रू काढून एम4 चे ॲलन बसवा. जुनेपण थोडं जातं, जाऊ द्या.

इंजिनाच्या बाजूचा फ्लँज वर्षानुवर्षं आवळून वाकलेला असतो. काचेच्या तुकड्यावर 400 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यानं चिकटवा आणि फ्लँज त्यावर आठच्या आकड्यात फिरवा. मधोमध चकाकी आली नाही म्हणजे तो वाकलाय. मधल्या हायलमच्या, म्हणजे बेकेलाइटसारख्या कडक ठोकळ्याकडंही बघा. इंजिनाची धग कार्बोरेटरला लागू नये म्हणून तो असतो. तो तडकला म्हणून फेकून नुसत्या कागदावर भागवलं तर उन्हाळ्यात बाउलमधलं पेट्रोल उकळायला लागतं आणि गाडी गरम झाली की बंद पडते. ज्या फ्लँजला ओरिंगची खोबण आहे तिथं वरून कागदी पॅकिंग घालू नका, दोन्ही एकमेकांना धड दबू देत नाहीत. बसवल्यावर गाडी स्लोवर ठेवून जोडावर साबणाचं पाणी शिंपडा. आवाज बदलला तर हवा ओढतेय.

आणि पॅकिंगच्या जागी फासतात ती सिलिकॉनची ट्यूब. ती माझ्याकडं आहे, विकतेही, पण कार्बोरेटरसाठी मागितली तर सरळ नाही म्हणते. पेट्रोलात ती फुगते, तिचे चिकट तुकडे सुटतात आणि सुईच्या सीटवर जाऊन बसतात. मग कार्बोरेटर ओव्हर व्हायला, म्हणजे पेट्रोल वाहू द्यायला लागला की म्हणायचं, काकूनं सुई खराब दिली! पेट्रोलला चालणारं लागतंच असेल तर न वाळणारं घ्या आणि तेही फ्लँजलाच, इतकं पातळ की दिसू नये. बाउलला काहीच नको. चांगलं पॅकिंग कोरडंच बसतं.

धुण्याच्या बाबतीत थोडक्यात. स्प्रे मारायच्या आधी सगळं रबर बाहेर काढा, स्प्रे आणि थिनर दोन्ही त्याचा जीव घेतात. जस्ताला व्हिनेगर आणि लिंबू लावून घासणारे व्हिडिओ असतात. चकाकी येते खरी, पण अंगही खाल्लं जातं. रॉकेल, मऊ ब्रश आणि हवा, एवढ्यावर बहुतेक काम भागतं. पितळी फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर गरम पाण्यात बुडवा, जिथून बुडबुडे येतील तिथं भोक आहे. झाळताना कथील अगदी कमी लावा, फ्लोट जड झाला की बाउलमधली पातळी वर चढते.

तांब्याचे वायसर टाकून देऊ नका. लाल होईस्तोवर तापवून पाण्यात बुडवले की पुन्हा मऊ होतात. फायबरचे मात्र एकदाच. पेट्रोलची नळी पारदर्शक, स्वस्त घेऊ नका, पिवळी पडून लाकडासारखी होते. जिच्यावर आर9 छापलेलं आहे ती घ्या.

सगळं नीट बसलं आणि तरी गाडी पूर्वीपेक्षा थोडी कोरडी, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त अशी पळते असं वाटलं, तर तो पॅकिंगचा दोष नाही. शुद्ध पेट्रोलाला जळायला वजनानं 14.7 पट हवा लागते, वीस टक्के इथेनॉलवाल्याला साधारण 13.5 पट. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त पाहिजे. स्लाइडच्या सुईची क्लिप एक खाच खाली घ्या, सुई वर येईल. प्लगचा रंग बघा आणि तिथंच थांबा.

आमच्याकडं सगळी गर्दी दोनदा होते. एकदा सोयाबीनचे पैसे हातात आले की, आणि एकदा मिरगाच्या तोंडावर, गाड्या बाहेर काढताना. मिरगाला येणाऱ्या प्रत्येक बाउलमध्ये तीच हिरवी-पांढरी साय दिसते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि उभ्या पेट्रोलात पितळ आणि जस्त दोन्ही गंजतात. गाडी महिन्याहून जास्त उभी ठेवणार असाल तर कॉक बंद करून ती आपोआप बंद पडेस्तोवर चालवा आणि मग बाउलखालचा स्क्रू काढून उरलंसुरलं गाळा. स्क्रू परत लावताना खालचा वायसर नवा टाका. पाच रुपयांना मिळतो, आणि त्याच्यावर घासाघीस चालणार नाही.